छऱ्यांची चौकशी

सरकारी कचेरीत बारा वर्षे काढलेल्या माणसाला एक विद्या कोणी न शिकविता येते. एखादे काम बिघडले, की ते कसे बिघडले ह्याच्या आधी ते कोणाच्या टेबलावर बिघडले, ह्याचा तो शोध घेतो. पत्र उशिरा सुटले तर दोष आवक-जावक शाखेचा. आकडा चुकला तर लेखा शाखेचा. आणि दोन्ही शाखांनी हात झटकले तर दोष मागल्या वर्षी बदलून गेलेल्या एखाद्या गृहस्थाचा. दिल्लीच्या एका मंत्रालयात कारकुनी करताना आम्ही ह्या विद्येत बरीच प्रगती केली आहे. तिचा उपयोग कचेरीबाहेर, तोही तुरीच्या दाण्याएवढ्या शिशाच्या छऱ्यांवर करण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असे मात्र आम्हांला कधी वाटले नव्हते.

नेमबाजीचा आणि आमचा संबंध ऑगस्ट २०२४ पासूनचा. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. मनू भाकर हिने त्याच्या आधीच पिस्तुलात पदक मिळविले होते व सारी दिल्ली तिचे नाव घेत होती. परंतु आमच्या कचेरीतल्या चार मराठी मंडळींचा ऊर भरून आला तो कुसाळे यांच्यामुळे, आणि त्याचे कारण केवळ कोल्हापूर हे नव्हते. ते त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. म्हणजे आमच्याच पंगतीतले! ज्यांचे नाव पगारपत्रकावर येते, ज्यांना रजेसाठी अर्ज करावा लागतो, अशांपैकी एक. त्या दुपारी कचेरीत पेढे वाटले गेले, आणि पेढ्याच्या गोडीतच आम्ही जाहीर करून टाकले की आम्हीही नेमबाजी शिकणार. अशा घोषणा विसरल्या जातात ही त्यांतली सोय असते. परंतु आमचे एक बंगाली सहकारी दररोज सकाळी "कितने मेडल?" असे विचारू लागले, तेव्हा नाव घालण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग यांच्या नावाची चांदमारी १९८२ च्या आशियाई खेळांसाठी उभारलेली, मोठी आणि मोठ्यांची. आमची चांदमारी म्हणजे दक्षिण दिल्लीतील एका बाजारपेठेखालचे तळघर होते. वर शिंप्याची यंत्रे चालत, खाली आम्ही. सहा जणांना शेजारी शेजारी उभे राहता येईल एवढी रुंदी, आणि दहा मीटरांवर कागदाची लक्ष्ये. शिकविणारे गृहस्थ गढवालकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. मितभाषी माणूस. त्यांचा सारा उपदेश तीन शब्दांत मावे: "माशी देखो, बाबूजी." पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी जो लहानसा उभा ठोकळा असतो ती माशी, मागच्या बाजूस असते ती खाच. खाचेत माशी मधोमध दिसावी, तिच्या दोन्ही बाजूंस सारखाच उजेड दिसावा, आणि लक्ष्य अंधुक दिसले तरी चालेल, माशी मात्र लख्ख दिसावी, हे ह्या खेळाचे व्याकरण.

खेळ ऐकायला सोपा आहे. एका हाताने पिस्तूल धरावयाचे, दुसरा हात खिशात. लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचे वर्तुळ, त्याचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याइतकाच. छरा ४.५ मिलिमीटरांचा, आणि त्याची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. असा उदार नियम सरकारात कोठे नाही. ह्या उदारतेचा लाभ घेऊनही पहिले तीन महिने आम्हांला दहा छऱ्यांत पासष्ट-अडुसष्ट गुणांच्या वर जाता आले नाही. आमच्या शेजारी उभी राहणारी नववीतली मुलगी नव्वद घेई व नंतर बाकावर बसून बीजगणित सोडवी.

अशा वेळी माणसाने काय करावे? आम्ही छऱ्यांची चौकशी सुरू केली.

चौकशीला आधार होता. आमचे छरे स्वस्तातले होते. पाचशेंचा डबा बाजारातल्या एका दुकानातून आम्ही घासाघीस करून आणला होता. डबा उघडून पाहिले तर काही छरे चकचकीत, काही काळवंडलेले, काहींच्या कडेला शिशाचा कीस चिकटलेला. छऱ्याचा आकार डमरूसारखा असतो. पुढचे डोके सपाट, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडावे, मध्ये कंबर, आणि मागे घेरदार, पातळ कडेचा झगा. हवेचा दाब ह्या झग्यात भरतो, झगा नळीच्या आतील आट्यांना घट्ट बिलगतो, आणि छरा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. म्हणजे झगा वाकला की सारेच वाकले. डोक्याच्या व्यासातही ४.४९, ४.५०, ४.५१ असे सूक्ष्म भेद करून उत्तम छरे विकले जातात, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी. आमच्या डब्यावर अशी काही नोंद नव्हती. जेथे नोंद नाही तेथे संशयाला जागा आहे, हे आम्हांला कोणी सांगावयास नको होते.

परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, हौशी नेमबाज आपली काडतुसे घरीच भरतात असे आम्ही वाचले होते. पितळी नळकांडे, दारू, गोळी, प्रत्येक जिन्नस तोलूनमापून. आणि प्रथमच भरणाऱ्याची गोळी भलतीकडे गेली, की तोही बिचारा दारूच्या वजनापासून गोळी किती खोल बसली इथपर्यंत एकेक गोष्ट बदलून पाहतो. आपल्याकडे तसे काही करावयाचे तर १९५९ चा शस्त्र कायदा आडवा येतो. काडतुसे बनविण्यास परवाना लागतो आणि तो हौसेखातर मिळत नाही. कायदा आम्हांला मान्यच आहे. ज्या गृहस्थाला घरचा गॅसचा शेगडीपेटवा नीट चालविता येत नाही, त्याच्या हाती सरकारने दारू देऊ नये हेच इष्ट. परंतु दारू नसली तरी तोलणे-मापणे आमच्या हाती होते. आम्ही सोनारकामाचा एक लहानसा वीजकाटा विकत घेतला. तो एका ग्रॅमचा हजारावा भाग दाखवितो.

त्या काट्याने आमची तीन आठवड्यांची प्रत्येक संध्याकाळ खाल्ली. प्रथम छरे साबणाच्या कोमट पाण्यात खळखळून पंचावर वाळत घालावयाचे. मग एकेक चिमट्याने उचलून काट्यावर. मग वजनाप्रमाणे वाट्यांतून वाटणी. सरकारी वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाचे मेज एकच. सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी निर्णय दिला, "अहो, शिसे आहे ते. माझ्या वाट्यांत नको आणि मुलाच्या हाताला नको." निर्णय बिनतोड होता. छऱ्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत असा फलक चांदमारीतही लावलेला आहे. तेव्हा आमची वेधशाळा गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली गेली, आणि वाट्यांच्या जागी औषधांच्या बाटल्यांची झाकणे आली. पाचशे छऱ्यांत सर्वांत हलका ०.४९ ग्रॅमचा निघाला, सर्वांत जड ०.५३ ग्रॅमचा. आम्ही वहीत तक्ता आखला, लाल शाईने सरासरी लिहिली. गुन्हेगार सापडल्याचा आनंद कसा असतो तो पोलीस खात्यातल्या वाचकांना ठाऊक असेलच.

फक्त एक चूक झाली. तक्ता पुरा झाल्यावर आम्हांला हिशेब करण्याची बुद्धी झाली.

ती हिशेबाची गोष्ट अशी. आमच्या पिस्तुलातून छरा सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगाने निघतो. दहा मीटर जावयास त्याला एका सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात पृथ्वी त्याला सुमारे २२ मिलिमीटर खाली ओढते. माशी आणि खाच बसवितानाच ह्याची भरपाई केलेली असते. आता छरा शेकडा चार टक्के जड झाला तर तो शेकडा दोनच्या आसपास मंद होईल, आणि त्याचे पडणे शेकडा चारने वाढेल. बावीस मिलिमीटरांचे शेकडा चार म्हणजे एक मिलिमीटरही नाही. सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड छऱ्याची तुलना केली तरी फरक दोन मिलिमीटरांच्या आत राहतो. आमचे छरे लक्ष्यावर पाच-सहा सेंटिमीटरांच्या परिसरात भटकत होते. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलेल्या माणसाने हा हिशेब काटा विकत घेण्याच्या आधी करावयास हवा होता. वही आम्ही सौभाग्यवतींच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी ठेवली.

तरीही आम्ही हार मानली नाही. वजन निर्दोष सुटले; व्यास होता, झगा होता, नळी होती. रविवारी आम्ही आमचा संशय सुभेदारसाहेबांपुढे सविस्तर मांडला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग उठले, कोपऱ्यातल्या दुरुस्तीच्या बाकाला बसविलेला लोखंडी शेगडा त्यांनी तोंड उघडून स्वच्छ पुसला, पिस्तुलाला दोन्हीकडून चामड्याचे तुकडे लावले आणि ते त्यात करकचून आवळले. "अब ये बोलेगा," एवढेच म्हणाले.

त्या दिवशी शेगड्यातून तीस छरे सुटले. दहा आमच्या डब्यातले जसे हाती येतील तसे. दहा आमच्या झाकणांतले, एकाच वजनाचे. आणि दहा सुभेदारसाहेबांच्या खास डब्यातले, स्पर्धेचे. तिन्ही कागद बाकावर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी मापणी केली. भोकांच्या झुबक्याची रुंदी कडेपासून कडेपर्यंत पहिल्या कागदावर १३ मिलिमीटर, दुसऱ्यावर १२, तिसऱ्यावर ७. आम्ही क्षणभर विजयी मुद्रेने पाहिले. तेरा आणि सात! जवळजवळ दुप्पट! परंतु साहेबांनी पेन्सिलीने पहिल्या कागदावर दहाचे वर्तुळ झुबक्याभोवती काढून दाखविले. छऱ्याची कड रेषेला शिवली तरी दहा, हा उदार नियम आमच्याच विरुद्ध साक्ष द्यावयास उभा राहिला. पहिल्या कागदावरचे दहाही छरे दहाच्या वर्तुळाला शिवत होते. म्हणजे ज्या छऱ्यांनी आम्हांला अडुसष्ट दिले त्याच छऱ्यांनी शेगड्याला शंभरपैकी शंभर दिले होते.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की छरे अगदीच साधू नव्हते. साहेबांनी एका छऱ्याचा झगा नखाने मुद्दाम चेपला आणि तो शेगड्यातून सोडला. तो इतरांना सोडून नवाच्या वर्तुळात जाऊन बसला. मग त्यांनी आमची छऱ्यांची डबी मागितली. ती सौभाग्यवतींनी टाकून दिलेली कुंकवाची जुनी डबी होती. स्कूटरवरून येताना तिच्यात छरे खुळखुळत. त्यांनी डबी कानाशी हलवून पाहिली आणि फोमची गादी असलेला एक चपटा डबा आम्हांला दिला. ह्या एका कलमापुरता आमचा संशय खरा ठरला, परंतु त्यातही आरोपी आमचीच डबी.

"छर्रे को फाँसी मत दो, बाबूजी," ते म्हणाले व पिस्तूल सोडवू लागले.

त्या दिवशी आम्ही छरे न झाडताच घरी आलो. आता मूळ गोष्ट सांगितली पाहिजे. छऱ्यांवर दोष ठेवण्याची आमची घाई केवळ कारकुनी सवयीची नव्हती.

आमचे वडील अण्णा भूमी-अभिलेख खात्यात भूमापक होते. सांगली जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या शेतांचे नकाशे त्यांच्या हातचे आहेत. लहानपणी आम्ही त्यांच्या मेजाशेजारी उभे राहून रेघा पाहत असू. ओढताना ते श्वास रोखून धरीत. बांधाची रेघ वळणावरून जाई आणि तिची जाडी केसाइतकीही बदलत नसे. निवृत्त झाल्यावर ते महिन्याला आम्हांला एक पत्र लिहीत. दूरध्वनी रोज होत असला तरी पत्र ते पत्र. सहा वर्षांपूर्वी त्या पत्रांतले अक्षर बारीक होऊ लागले. ओळीच्या आरंभी ठीक, शेवटाकडे मुंगीएवढे. आम्ही त्याचे कारण कागद वाचविणे असे मानले व एका पत्रात तशी थट्टाही केली. पुढे त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार, असे निदान केले. ते म्हणाले की बारीक होत जाणारे अक्षर हीही ह्या विकाराची एक जुनी खूण आहे. ती पत्रे आमच्याजवळ आहेत. थट्टेचे पत्र अण्णांनी जपून ठेवले आहे की काय, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झालेले नाही.

अंगठा आणि तर्जनी ह्यांच्या त्या हालचालीला वैद्यकात गोळी वळण्याची उपमा देतात. चिमट्याने छरे उचलताना ती उपमा आमच्या डोक्यातून जात नसे.

तर पिस्तूल उचलले की माशी थरथरे. पहिल्या दिवसापासून थरथरे. आणि आम्ही सुभेदारसाहेबांना विचारीत असू छऱ्यांच्या व्यासाबद्दल. शेगड्याने छऱ्यांना सोडून दिले तेव्हा चौकशीच्या खोलीत एकच आरोपी उरला, आणि तो आमच्या खांद्याला जोडलेला होता.

त्या रात्री आम्ही पुष्कळ वाचन केले, जे अशा रात्री कोणी करू नये. बहुतेक रुग्णांत हा विकार आनुवंशिक नसतो, असे वाचले. "बहुतेक" ह्या शब्दावर आम्ही थांबलो, कारण परिपत्रकांतल्या "बहुतेक" ह्या शब्दाचा अर्थ आम्हांला कळतो. ह्या विकारातला कंप हात विसावलेला असताना उमटतो व हाताला काम दिले की बहुधा ओसरतो, असेही वाचले. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकमधल्या एका कोरियन नेमबाजाची कथा वाचली: उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू ह्याने पिस्तुलात एक रौप्य व एक कांस्य अशी दोन पदके घेतली आणि हाताचा कंप शमविणाऱ्या औषधाचा अंश शरीरात सापडल्याने दोन्ही गमावली. म्हणजे जगातल्या पहिल्या तिघांत उभा राहणाऱ्याचाही हात थरथरत होता! हे वाचून धीर यावयास हवा होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत मात्र आम्ही मेजावर विसावलेल्या आमच्या उजव्या हाताकडे कामापेक्षा अधिक वेळ पाहिले. कोणत्याही हाताकडे पुरेसा वेळ पाहत राहिले तर तो हलतो.

पुढल्या रविवारी आम्ही सुभेदारसाहेबांना सारे सांगून टाकले. अण्णांचे, अक्षराचे, अंगठ्याचे. शिकवणीच्या जागी अशा गोष्टी सांगणे आम्हांलाच विचित्र वाटत होते, पण घरी सांगितल्या असत्या तर त्या अधिक मोठ्या झाल्या असत्या. साहेबांनी सांत्वनाचा एक शब्द उच्चारला नाही. त्यांनी आमचे मागल्या तीन महिन्यांचे कागद काढले. आम्हांला वाटे ते फेकून दिले जातात. त्यांनी ते तारखेवार टाचून ठेवले होते. दहाबारा कागद एकावर एक ठेवून त्यांनी दिव्यासमोर धरले.

भोके चहूकडे नव्हती. हे आम्ही तोवर पाहिलेच नव्हते. आम्ही गुण पाहत होतो. मध्याभोवती काही थोडी विखुरलेली होती, परंतु बहुतेकांचा जमाव खाली डावीकडे, घड्याळाच्या साताच्या आकड्यापाशी होता. साहेबांचे म्हणणे त्यांच्या हिंदीत चार वाक्यांचे होते, ते येथे मराठीत देतो. थरथरणारा हात चारी दिशांना थरथरतो, तो भोके मध्याभोवती पसरील. एकाच बाजूला ढीग पडतो तो थरथरीने नव्हे, ओढीने. उजव्या हाताने मारणाऱ्याने चाप झटक्याने ओढला की नळी खाली आणि डावीकडे जाते. तुमचा हात सर्वांच्या हातासारखा हलतो. तो हलणे थांबेल ह्या क्षणाची तुम्ही वाट पाहता, आणि माशी मध्यावर आली असे वाटताच घाबरून चाप खेचता.

आम्ही ते मानले नाही. कारकून लेखी पुराव्याशिवाय मानत नाही. तेव्हा त्यांनी पुरावा दिला. ह्या पिस्तुलांना एक कळ असते; ती फिरविली की हवा सुटत नाही, नुसता चाप सुटतो. साहेब पाठ फिरवून पिस्तूल तयार करीत आणि आमच्या हाती देत. त्यात छरा आणि हवा आहे की नुसती कोरडी कळ आहे, हे आम्हांला कळू देत नसत. पहिल्या तीन वेळा छरा होता. चौथ्या वेळी आम्ही नेम धरला, श्वास सोडला, माशी मध्याखाली आली, चाप ओढला, आणि नुसती टिक्. आवाज नाही, धक्का नाही, आणि नळीचे टोक आमच्या डोळ्यांदेखत खाली डावीकडे बोटभर झुकलेले. शेजारची बीजगणितवाली मुलगीही हसली. आमचे हसू तिच्याही नंतर आले, परंतु आले ते बराच वेळ थांबले नाही. सुभेदारसाहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली.

इतका हलका अपराध त्या वेळी आम्हांला दुसरा कोणताच वाटला नसता. चाप खेचणे!

पुढचे तीन-चार महिने आम्ही कोरडी कळ ओढण्यात घालविले. लक्ष्य नाही, समोर पांढरी भिंत. भिंतीकडे पिस्तूल रोखावयाचे आणि माशी न हलविता अर्ध्या किलोचा चाप सोडावयाचा. कंटाळवाणे काम आहे, पण मंत्रालयात राहून कंटाळ्याची भीती उरत नाही. ह्याच काळात माशीचा हिशेबही आम्हांला उमगला. माशी आणि खाच ह्यांच्यात सुमारे ३३ सेंटिमीटरांचे अंतर. लक्ष्य त्याच्या तीसपट दूर. सारा हात जसाच्या तसा एक मिलिमीटर बाजूला सरकला तर छरा एकच मिलिमीटर सरकतो. परंतु माशी खाचेत एक मिलिमीटर तिरकी झाली तर छरा तीस मिलिमीटर जातो. म्हणून "माशी देखो". हात हलत असेल तर हलू द्या, त्याचे भाडे स्वस्त आहे. हे गणित कोणी पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडले असते तर, असे आम्ही एकदा बोललो. साहेब म्हणाले, मांडतो, पण पहिल्या दिवशी कोणी ऐकत नाही. ते खरे असावे.

गुण वाढले, पण कादंबरीत वाढतात तसे नाही. पंच्याहत्तर, एकोणऐंशी, पुन्हा बहात्तर. छरे आम्ही आता स्पर्धेचेच आणतो, फोमच्या डब्यातून. काटा पडून आहे. सौभाग्यवती त्यावर केशर तोलतात.

यंदाच्या फेब्रुवारीत अण्णा दिल्लीस आले, येथल्या डॉक्टरांना एकदा दाखवावे म्हणून. औषधाचे प्रमाण थोडे बदलले, त्यापलीकडे नवे काही निघाले नाही. रविवारी ते म्हणाले, "अरे, तुझा तो तळघरातला उद्योग तरी पाहू." जिना उतरताना त्यांची पावले आखूड पडतात, आम्ही पुढे, मुलगा मागे, असे उतरलो. सुभेदारसाहेबांनी उभे राहून नमस्कार केला आणि खुर्ची आमच्या जागेच्या मागेच ठेवली. अण्णांचा उजवा हात मांडीवर आपला उद्योग करीत होता. आम्ही दहा छरे झाडले. चौऱ्याऐंशी. आमचा तोवरचा उच्चांक.

अण्णांनी कागद पाहिला नाही. ते पिस्तुलाकडे पाहत होते. "जड आहे का रे?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "किलोला थोडे कमी, अण्णा." सुभेदारसाहेबांनी पिस्तूल घेतले, नळी रिकामी असल्याचे उघडून दाखविले, कळ फिरविली आणि मूठ अण्णांपुढे केली. आम्हांला ते नको होते. आम्ही तसे काही बोलणार होतो.

अण्णा उठले. मांडीवरचा हात उचलला, मुठीत पिस्तूल घेतले आणि भिंतीकडे रोखले. हात थांबला. पुस्तकात वाचलेले डोळ्यांपुढे घडताना पाहणे निराळे असते. भूमापकाचा तो हात सरळ, कोपर ताठ, आणि अण्णांनी श्वास रोखून धरलेला, बांधाची रेघ ओढताना धरीत तसा. आम्ही मनात आकडे मोजू लागलो. चार. पाच. टिक् असा आवाज झाला. नळी हलली नाही. सात म्हणेपर्यंत मनगटातून कंप पुन्हा उमटला, आणि सुभेदारसाहेबांनी न घाईने, जणू तीच वेळ असते, पिस्तूल परत घेतले.

"मूठ बराबर है, बाबासाब," ते म्हणाले.

अण्णा खाली बसले. मग त्यांनी चौऱ्याऐंशीचा आमचा कागद मागून घेतला, आणि खिशात ठेवण्यासाठी त्याची घडी घालू लागले. घडी घालावयास त्यांना बराच वेळ लागला. आम्ही आणि सुभेदारसाहेब तोवर समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहत उभे होतो.